पांढरीपांडे काकांचं फ्रान्सचं आकाश

तुमच्या घरात, ऑफिसात, नाहीतर डॉक्टरच्या बाकड्यासमोर भिंतीवर एखादं चित्र टांगलेलं असेलच. डोळे मिटा आणि सांगा, त्या चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काय आहे?

नाही ना सांगता येत? रोज त्याच्याकडे तोंड करून चहा पिता आणि तरी सांगता येत नाही. मग इतकी वर्षं तुम्ही तिकडे तोंड करून नेमकं काय करत होतात?

हा प्रश्न मी नम्रपणे विचारत नाहीये. पांढरीपांडे काकाही नम्रपणे विचारायचे नाहीत. भोपाळच्या बरखेड्यातल्या आमच्या मराठी मंडळात पेपर वाचायला आलेले पेन्शनर, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, वॉटर कूलर दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांना ते हाच प्रश्न घालायचे. उत्तर आलं नाही की वाचनालयातलं लोखंडी स्टूल पायाने पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा. काही घाई नाही. कूलर कुठे पळून नाही चालला."

काका इथल्या टर्बाइन बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी खात्यातून रिटायर झालेले. मूळचे नागपूरचे. उंच, हडकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी स्टीलची छोटी पट्टी. आयुष्यभर ओतीव लोखंड ठोकून त्याचा आवाज ऐकल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तू ठोकून पाहायची सवय लागली होती. नारळ ठोकायचे, ते समजू शकतं. पण ते नवं दार ठोकायचे, जेवणाचं ताट ठोकायचे, आणि एकदा एका लग्नात वधूपक्षाकडून आलेली स्टीलची कपाटं ठोकत त्यांनी अख्खी खोली फिरून काढली होती. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, "पास" आणि "परत". बटाटावडा पास. भाषण परत. शेजारच्या जोशीबाईंच्या जावयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "ठीक वाटते. एकदा उजेडात आणा."

आणि एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती: छान. "छान म्हणजे तपासलं नाही," ते म्हणायचे. "आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये जो माल न मोजता ओके करायचा नं, तो असाच छान म्हणायचा."

तर ते चित्र. फार पूर्वी परदेशातून आलेल्या एका मशीनबरोबर एक मोठं कॅलेंडर आलं होतं. मशीन शॉपमध्ये गेलं, कॅलेंडर तपासणी खात्यात राहिलं. वर्ष संपल्यावर काकांनी त्यातलं एक पान घेतलं, खालचा तारखांचा भाग कात्रीने कापून टाकला आणि वरचं चित्र काच लावून फ्रेम करून घेतलं. चित्रकाराचं नाव आणि गावाचं नाव तारखांबरोबर गेलं. काकांना एवढंच आठवत होतं की माणूस फ्रान्सचा, एकोणिसाव्या शतकातला. "नावात शेवटची अक्षरं होती, पण ती बोलायची नव्हती," ते सांगायचे. "आता न बोलायची अक्षरं लक्षात ठेवून करता काय?"

चित्रात एक गाव आहे. मागे प्रचंड मोठं चर्च, ज्याला कॅथेड्रल म्हणतात. त्याला दोन मनोरे, आणि ते एकसारखे नाहीत. चर्चच्या पायाशी गर्दी करून बसलेली कौलारू घरं. पुढे रस्ता, एक उघडं शेत, दोन बारीक झाडं. खालच्या डाव्या कोपऱ्यात मातीचा ढिगारा आणि त्याच्यावर बसलेली दोन माणसं. आणि वर आकाश. अर्ध्याहून जास्त चित्र नुसतं आकाशच आहे.

मंडळात सगळे त्याला "फ्रान्सचं देऊळ" म्हणायचे आणि थेट देवळाकडे पाहायचे. काकांचं तिथेच बिनसायचं. "देवळात गेल्यावर सरळ देवाच्या अंगावर जाता का? आधी पाय धुता. मग कासव असते, नंदी असते, घंटा असते. मग कुठे देव. फ्रान्सचं देऊळ असलं म्हणून कायदा बदलत नाही." म्हणून त्यांची पद्धत ठरलेली होती. स्टूलवर बसायचं. आधी माती. मग माणसं. मग झाडं, रस्ता, घरं. मग एकदम वर उडी मारून आकाश. आणि सगळ्यात शेवटी, परवानगी मिळाल्यावर, मनोरे. मध्येच कोणाची नजर मनोऱ्यावर गेली की त्यांना मागून बरोबर कळायचं. "मान वर गेली तुमची. पुन्हा मातीपासून."

चित्र खरं तर त्यांच्या घरात असायला हवं होतं. पण मालतीकाकूंनी ते घराबाहेर काढलं होतं. कारण आलेल्या पाहुण्याला काका आधी चित्रासमोर बसवायचे आणि मग चहा. पाहुणा आकाशापर्यंत पोचेस्तोवर चहावर साय यायची. "घरच्या देवासमोर दोन मिनिटं उभे राहत नाही हे," काकू सांगायच्या, "आणि त्या फ्रान्सच्या देवासमोर लोकांना ओलीस ठेवतात. मी म्हटलं, एक तर ते चित्र राहील नाहीतर माझा चहा." चहा राहिला. चित्र मंडळात आलं. त्याला दुसरी जागा नव्हती, हे ध्यानात ठेवा.

माझी आणि काकांची ओळख त्याच भिंतीपाशी झाली. माझे बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये. आमच्या घरात पाहुणे कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती "कामगार बंधूंनो" यातल्या क वरून. त्यामुळे कंत्राटी कामगारांवरचं माझं स्वतःचं पहिलं पत्रक छापून आलं तेव्हा ते सगळ्यात दर्शनी भिंतीवर लावायचं हे उघडच होतं. मी टेप काढली. मागून आवाज आला, "तिथे नाही."

मला वाटलं, आली सेन्सॉरशिप. मी वळून विचारलं, "का? मंडळाला राजकारण चालत नाही?"

"राजकारण चालते. टेप आकाशाला लागून राह्यली."

मग मी चित्राकडे पाहिलं आणि मला फार बरं वाटलं, कारण बोलायला विषय मिळाला. मी म्हणाले की हे धर्मसत्तेचं चित्र आहे. गोरगरिबांच्या झोपड्यांच्या उरावर उभी केलेली ही दगडी मिजास आहे, आणि अशा चित्रांनी आपण भिंती का सजवाव्यात?

काका रागावले नाहीत. त्यांनी स्टूल सरकवलं. "मोठं देऊळ कुठे आहे?"

"मागे."

"पुढे कोण आहे?"

"दोन माणसं."

"काय करून राह्यले?"

"बसलेत. मजूर असावेत. काम करून टेकलेत."

"म्हणजे त्यानं मजुराला पुढे बसवलं आणि देवाला मागे उभं केलं. बरोबर?" त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, पट्टी काढली आणि ओळींवरून फिरवली. "तुमच्या कागदात मजूर कुठे आला?"

मी पाहिलं. पहिला परिच्छेद जागतिक परिस्थितीवर होता. दुसरा माझ्या भूमिकेवर.

"तिसऱ्यात," मी म्हणाले.

"परत," काका म्हणाले, आणि पत्रक माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून त्यांनी मला कॉम्रेड म्हणायला सुरुवात केली.

करोंदच्या धान्यबाजारातले बद्रीप्रसाद सेठ हे काकांचे लाडके विद्यार्थी. टाउनशिपमधली बरीच मराठी घरं वर्षाचा शरबती गहू त्यांच्याकडून घेतात, आणि गाडी मंडळाच्या आवारात उतरते. एकदा पोती उतरत असताना काकांनी सेठना आत बोलावून स्टूलवर बसवलं. धान्याच्या माणसाला मातीपासून सुरुवात करायला सांगावं लागलं नाही. सेठ मातीवरून हललेच नाहीत. बराच वेळ पुढच्या शेताकडे बघून म्हणाले, "पंडितजी, इस ज़मीन में गेहूँ नहीं होगा। चना होगा।"

काकांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "चना. माणूस थेट शेतात उतरला. तुम्ही लोक अजून देवळाबाहेर चपला शोधून राह्यले."

पण सगळे असे नव्हते. कारखान्याच्या गावात चित्र टांगणं धोक्याचं असतं. इथल्या रिटायर इंजिनिअरला नातवंड मांडीवर दिलं तरी तो आधी त्याचं अलाइनमेंट पाहतो. दोन मनोरे एका उंचीचे नाहीत हे कळल्यावर टर्बाइनवाल्यांचा एक गट रोज येऊन वाद घालू लागला. एकजण म्हणाला, बजेट संपलं असेल. दुसरा म्हणाला, दोन वेगळे ठेकेदार. तिसऱ्याने मात्र वेगळीच शंका काढली: डावा मनोरा झुकलेला आहे. चौथा म्हणाला, मनोरा नाही, फ्रेम झुकलीय, शेजारच्या भिंतीच्या कडेवरून बघा. झालं. एका रविवारी सकाळी हे लोक घरून लेव्हल आणि ओळंबा घेऊन आले. लेव्हल फ्रेमवर ठेवली. पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्ये. मनोऱ्याला ओळंबा लावला. मनोरा सरळ. मग ओळंबा भिंतीच्या कडेला धरला.

भिंत वाकडी होती. चांगली बोटभर.

ही भिंत धारप साहेबांनी बांधून घेतली होती. धारप साहेब म्हणजे मंडळाचे चिटणीस, पुण्याचे, कारखान्यातले मोठे अधिकारी, आणि इमारतीच्या वेळी बांधकाम समितीचे प्रमुख. प्रत्येक वाक्य "आम्ही पुण्याला असताना" असं सुरू करणारे. सदऱ्याला इस्त्री, मिशीला इस्त्री, मराठीलाही इस्त्री. त्यांना कोणीतरी जाऊन सांगितलं की फ्रान्सच्या चित्रामुळे तुमची भिंत वाकडी निघाली. त्यानंतर लोक चित्र पाहायला कमी आणि भिंत पाहायला जास्त येऊ लागले. आणि साहेबांना साक्षात्कार झाला की महाराष्ट्रीयांच्या वाचनालयात परदेशी चित्र हा सांस्कृतिक अपराध आहे.

वार्षिक सभेत त्यांनी ठराव आणला: सदर चित्र काढून त्या जागी किल्ल्याचं भव्य फ्लेक्स लावावं. फ्लेक्स भिंतभर असणार होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. किल्ल्याच्या खाली कार्यकारिणीचे फोटो.

मी उठले. मी भाषण तयार करून आणलं होतं आणि त्यात यावेळी मजूर पहिल्याच वाक्यात होते. काकांनी माझा ओढणीचा पदर धरून मला खाली बसवलं. "भाषण नको, कॉम्रेड. स्टूल आण."

ते उभे राहिले. हातातली पट्टी तळहातावर आपटत म्हणाले, "काढायचं तर काढा. माझ्या घरी याला जागा नाही, मालतीला विचारा." काकूंनी मान हलवली. "मुलीच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टीव्ही आहे. म्हणजे हे इथून निघालं की रद्दीत जाईल. माझी एकच विनंती आहे. न पाहता रिजेक्ट करायचं नाही. आमच्या खात्यात ते पाप होतं. एकेकानं बसावं, पाहावं, आणि आधीच्यानं सांगितली नाही अशी एक गोष्ट सांगावी. मग हात वर करा."

इतकी निरुपद्रवी मागणी नाकारणार कशी? साहेबांनी होकार दिला. ती त्यांची चूक झाली.

रांग लागली. रांग दिसताच लोकांनी सवयीने चपला काढल्या. एका आजींनी स्टूलवर बसण्याआधी पदर डोक्यावर घेतला. पहिल्या काहींचं सोपं होतं: माती, माणसं, झाडं. मग गोष्टी संपत आल्या आणि माणसं खरोखर पाहायला लागली. जोशीबाई म्हणाल्या, "एकाही घरातून धूर नाही. म्हणजे स्वयंपाक उरकलेला आहे." वीज खात्यातले एक गृहस्थ म्हणाले, "खांब नाहीत. तारा नाहीत. यांचा लाइट कधी जात नसणार." दुसऱ्याने सांगितलेलीच गोष्ट ज्याने सांगितली त्याला काका रांगेच्या शेवटी पाठवत होते, आणि आश्चर्य म्हणजे लोक जात होते. बाहेर बटाटेवडे गार होत होते. कोणी उठेना. एकजण स्टूलवर इतका वेळ बसला की मागच्याने विचारलं, "भाऊ, तिथेच राहायचं आहे का?"

शेवटी धारप साहेब उरले. ते बसले नाहीत, उभ्याने पाहत राहिले. हात मागे बांधून, मिशी न हलवता. बराच वेळ गेल्यावर ते झुकले आणि काचेवर बोट न टेकता रस्त्याच्या कडेच्या एका घराकडे दाखवून हळू आवाजात म्हणाले,

"या घराची भिंत वाकडी आहे."

कोणी हसलं नाही. हे मी आजही मंडळाच्या बाजूने सांगते.

काका म्हणाले, "हो, साहेब."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आत्तापर्यंत बोलला का नाहीत?"

"तुमच्यासाठी ठेवली होती," काका म्हणाले. "दुसऱ्या कोणी आधी सांगितली असती तर त्यांना रांगेत मागं पाठवणार होतो."

ठराव मतालाच टाकला गेला नाही. पण साहेब पुण्याचे. पूर्ण हार त्यांना मानवत नव्हती. त्यांनी वडा हातात घेऊन अट घातली. चित्र पाहिलं जात असेल तरच भिंतीवर राहील. दर रविवारी सकाळी वाचनालय ते स्वतः उघडतील. ज्या रविवारी एकही माणूस चित्र पाहायला येणार नाही, त्या दिवशी ते उतरवलं जाईल. "आणि मी तिथे असणारच, म्हणून माझं पाहणं धरायचं नाही," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

काका म्हणाले, "पास."

त्यानंतर काकांचा एकही रविवार चुकला नाही. साहेब टेबलाशी, काका स्टूलवर. कधी कोणी तिसरा असायचा, कधी नसायचा. दोघांत बोलणं फार नव्हतं. दसऱ्याला बायकांनी हॉलमधल्या सगळ्या तसबिरींबरोबर फ्रान्सच्या देवळालाही हळदीकुंकू वाहून हार घातला, तेव्हा "आकाश झाकलं जातंय" हे काकांच्या आधी साहेबांनी सांगितलं आणि हार काढून वॉटर कूलरला घातला.

मग काकांच्या डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात आधी उजवा डोळा झाला. पुढच्याच रविवारी काका काळा चष्मा लावून मंडळात हजर. सोबत काकू, औषधाचे थेंब पर्समध्ये घेऊन. मीही होते.

साहेबांनी पेपर खाली केला. "गॉगल लावून पाहिलेलं धरायचं का, हा प्रश्नच आहे."

काकांनी चष्मा काढला, स्टूलवर बसले. माती, माणसं, झाडं, रस्ता, घरं. मग वर. आणि तिथेच थांबले.

"हे निळं आहे," ते म्हणाले.

काकू पर्समधले थेंब शोधू लागल्या.

"आकाश. निळं आहे हे."

आता इथे मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं. ते चित्र संध्याकाळचं आहे, हे काकांनीच आम्हाला शिकवलं होतं. आकाशातली पिवळी झाक पाहा, ते सांगायचे, दिवस कलला आहे, मजूर टेकले आहेत, गाव निवांत होत चाललंय. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. मी तर "मावळतीच्या उन्हात विसावलेले श्रमिक" असं एक पत्रक काढून वाटलंसुद्धा होतं. आणि ती पिवळी झाक चित्रात नव्हतीच. ती काकांच्या डोळ्यांत होती. धडधाकट डोळ्यांची शंभर माणसं निळ्या आकाशाकडे बघून पिवळं म्हणत होती, कारण स्टूलमागे उभा असलेला माणूस तसं सांगत होता. सत्ता कशी चालते यावर मी बरंच वाचलं आहे. इतकं स्वच्छ उदाहरण मला छापील कुठे मिळालं नाही.

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, निळं आहे," काकू म्हणाल्या. "मला म्हणे, मातीपासून पाहा."

काकांनी डावा डोळा झाकला. मग उघडला. "मग ही सकाळ आहे."

"सकाळ असेल तर," साहेब टेबलामागून म्हणाले, "हे दोघे कामावर जायच्या वेळी बसलेत कशाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की काम सुरू होण्याआधी बसणं हाही कामगाराचा हक्क आहे. काका म्हणाले, "छापू नको अजून."

मग ते उठले. चेहरा पडलेला. एखाद्याने म्हटलं असतं, असू द्या, सकाळ काय संध्याकाळ काय. पण त्यांच्या खात्याचा एक नियम होता, तो त्यांनी मला त्या दिवशी सांगितला. ज्या गेजने, म्हणजे मोजमापाच्या हत्याराने, माल मोजला तो गेजच खराब निघाला, तर त्याने पास केलेला सगळा माल परत बोलवायचा. वापरात गेला असला तरी. "इथे गेज मीच होतो," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगावं लागेल."

आणि त्यांनी सांगितलं. काळा चष्मा लावून, पट्टी खिशात घेऊन, काका बरखेड्यात दारोदार फिरले. बेल वाजवायची, दार उघडलं की म्हणायचं, "ते फ्रान्सचं आकाश. मी पिवळं सांगितलं होतं. निळं आहे. सकाळ आहे. दुरुस्त करून घ्या." लोक आत बोलवायचे, हे यायचे नाहीत, पुढचं घर राहायचं. जोशीबाई दारातच विचारात पडल्या. "सकाळ असेल तर धूर नाही म्हणजे यांचा चहासुद्धा झालेला नाही हो." त्यांना ते फारच लागलं. कूलरवाल्या माणसाचा पत्ता शोधायला तीन दुकानं झाली. तो म्हणाला, "अंकल, मुझे तो नीला ही दिखा था, आपने डाँट दिया था।"

करोंदला मी त्यांना ऑटोतून घेऊन गेले. धान्याच्या ढिगांमधून, हमालांच्या आरोळ्यांमधून वाट काढत काका बद्रीप्रसाद सेठांच्या गादीपर्यंत पोचले आणि उभ्याउभ्या त्यांनी हिंदीत कबुली दिली. सेठनी गंभीरपणे ऐकून घेतलं. एका पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर फिरवत म्हणाले, "सुबह हो या शाम, पंडितजी, होगा तो चना ही।"

परतताना काका ऑटोत पहिल्यांदा हसले. "एक माल तरी बरोबर गेला होता."

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, आणि काका जाईनात. डॉक्टर थांबले, मुलीचे नागपूरहून फोन झाले, काकू रोज ओरडत होत्या. काकांचं एकच म्हणणं: उजव्या डोळ्याने सकाळ दिसते आणि डाव्याने अजून संध्याकाळ. एका कॅलेंडरच्या पानात दोन चित्रं मिळाली आहेत. घाई काय आहे?

"एक डोळा फ्रान्सला दिलाय," काकू म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्यानं तरी माझ्याकडं पाहा."

"तू दोन्हीतून सारखीच दिसते," काका म्हणाले. याचा अर्थ काकूंनी काय घेतला मला माहीत नाही, पण त्या दिवशी चहा चांगला झाला होता.

अखेर मुलीने ठरवलं. दोघांनी नागपूरला तिच्याकडेच राहायचं, तिथेच डोळा होईल, इथलं घर सोडायचं. सामान ट्रकमध्ये चढलं तो दिवस नेमका रविवार होता. काकू ऑटोत बसून होत्या, मांडीवर देवांची पेटी. काका "दोन मिनिटं" म्हणून मंडळात गेले. बराच वेळ झाल्यावर काकूंनी मला पाठवलं.

मी दारातून पाहिलं. काका स्टूलवर बसले नव्हते. ते चित्रासमोर उभे होते. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "सकाळ." हात बदलला. "संध्याकाळ." पुन्हा बदलला. शाळेत डोळे तपासायला उभ्या केलेल्या पोरासारखे. आणि त्यांच्या मागे, टेबलापाशी उभे राहून, धारप साहेबही एकदा एका डोळ्यावर आणि एकदा दुसऱ्यावर हात ठेवत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन कधीच झालेलं आहे. त्यांना काय वेगळं दिसणार होतं?

"काका, काकू थांबल्यात," मी म्हणाले.

"हो, आलो," ते म्हणाले. वळले, जाता जाता वाकडी भिंत बोटाच्या पेराने दोनदा ठोकली, कान लावून ऐकलं, आणि साहेबांकडे पाहून मान हलवली. मग बाहेर जाऊन ऑटोत बसले. ऑटो पिपलानीकडे वळेपर्यंत त्यांचा हात बाहेर होता, निरोप देत नव्हता, ऑटोची ताडपत्री ठोकत होता.

तेव्हापासून दर रविवारी मी जाते. साहेब कुलूप उघडून बसलेले असतात. आता ते पेपर आणत नाहीत. टेबल त्यांनी थोडं फिरवून घेतलंय, चित्र समोर येईल असं. माझ्या येण्याआधी कितीतरी वेळ ते एकटेच पाहत असतात, पण नियम त्यांनीच केलेला आहे आणि तो मोडणार नाहीत. मागच्या रविवारी मला उशीर झाला. पोचले तेव्हा साहेब फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. मला पाहून म्हणाले, "मी सहज बाहेर आलो होतो." त्यांच्या हातात फ्रेमचे स्क्रू काढायचा स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्यांनी खिशात घालायचा प्रयत्न केला, पण तो मोठा होता.

येत्या रविवारी मी भोपाळमध्ये नाही. भिलाईला कंत्राटी कामगारांचा मेळावा आहे, तो मी सोडू शकत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही बरखेड्यात, पिपलानीत, साकेत नगरात, कुठेही राहत असा, मराठी असा नसा, चित्रातलं कळत असो नसो, रविवारी सकाळी मंडळात जा. वाचनालय डाव्या हाताला आहे. साहेब काही विचारणार नाहीत. स्टूल तुम्हीच ओढून घ्या, बसा, आणि घाई करू नका. तुमच्या मागे बसून तेही पाहणार आहेत.